पालमरम

केडाच्या मळ्यात आम्ही रबराच्या झाडाला
पालमरम म्हणायचो. दुधाचं झाड.
अंजलै, माझी आई, पहाटे चारला
कपाळावर दिवा बांधून निघायची.
तीनशे ऐंशी झाडं,
प्रत्येकाच्या सालीवर एक तिरपी चीर,
कालच्या चिरेखाली केसभर.
खोल गेली तर मुकादम ओरडायचा,
उथळ गेली तर वाटी रिकामी.

मी मागून वाट्या पुसत चालायचे,
बोटांवर सुकलेला चीक सोलून
त्याचे चेंडू करायचे.
काही झालं नाही.
हे मुद्दाम सांगते,
कारण पुढे डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं.

इपोहचं इस्पितळ. एक्याण्णव साल.
तेव्हा मोजे आतून पांढऱ्या भुकटीचे.
ओढून काढले की फट्ट,
आणि मोठ्या दिव्याच्या झोतात पीठ तरंगायचं,
गिरणीवाल्यासारख्या आमच्या भुवया पांढुरक्या.
आधी मनगटाला खाज.
साबण असेल, म्हणाली मेट्रन.
साबण बदलला.
मग शिंका, मग कोपरापर्यंत गांधी,
घरी गेलं की गायब, रविवारी नाहीतच.
मग एका संध्याकाळी पिकलं केळं खाल्लं
आणि ओठ माझे राहिले नाहीत.
केळ्याचा नि मोज्याचा काय संबंध?
मी हसले होते.
केळं, पपई, किवी, सगळे त्या चिकाचे भाऊबंद,
हे मला फार उशिरा कळलं.

धाकट्याच्या वेळचं मला आठवत नाही.
नोंदवहीत आहे.
दहा पंचवीस, पोट उघडलं.
दहा बत्तीस, मूल बाहेर, रडलं.
दहा एक्केचाळीस, अंगभर लाली,
रक्तदाब सत्तरवर चाळीस, मग लागेचना.
रक्तस्राव शोधत होते सगळे.
भूल देणाऱ्या नोरिझान ओरडल्या,
हात बाहेर काढा! मोजे बदला, सगळ्यांचे!
ॲड्रेनलिन. पुन्हा ॲड्रेनलिन.

माझ्या आत होते ते हात
मीच कितीदा सजवून दिले होते,
मोज्याचं तोंड दोन्ही बाजूंनी ताणून धरत,
या डॉक्टर, घाला.

नंतर कुणीतरी समजावलं:
झाड चीक सोडतं ते जखम बुजवायला,
किड्या-बुरशीला अडवायला.
त्यातली काही प्रथिनं म्हणजे झाडाचे राखणदार.
तुझ्या रक्तातही राखणदार आहेत.
म्हणजे दोन पहारेकरी
अंधारात समोरासमोर आले
आणि दोघांनी आरोळी दिली, चोर!
आणि घर माझं होतं.

आता मोजे निळे आहेत, भुकटी गेली.
मनगटावर लाल पट्टी, पर्समध्ये सुई.
नव्या मुलींना मी विचारायला शिकवते:
फुगा फुगवताना ओठ सुजतात का?
दाताच्या डॉक्टरकडे कधी जीव घाबरला?
पाठीच्या कण्यात दोष घेऊन आलेलं मूल असेल,
दहा वेळा टेबलावर गेलेलं,
तर विचारत बसू नका.
आधी खोलीतलं रबर बाहेर.
मुली लिहून घेतात. एखादी जांभई देते.

दुसऱ्या दिवशी आई आली होती.
केडाहून बसने, कोरं लुगडं नेसून.
उंबऱ्यातच थांबली.
दोनदा आंघोळ केलीय, पूंगोडी, म्हणाली,
नखांतलं जात नाही पण.
मग बराच वेळ चौकटीकडे बघत:
याच दुधावर तुला शिकवली.

बाळ ओढत होतं
माझा पहिला, पिवळसर चीक.
मी म्हटलं, आत ये.
ती येईना.
मी हात पुढे केला तेव्हा आली,
तिचा तळवा खरखरीत, सालीसारखा,
मी घट्ट धरून ठेवला.

दोन गांधी उठल्या, अंगठ्यापाशी.
चादरीखाली घेतल्या.
तासाभरानं बसल्या.
तिला सांगितलं नाही.